एन्कोडिंगच्या तात्पुरत्या फायली दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायच्या कशा

तासन्‌तास चाललेलं व्हिडिओचं एन्कोडिंग (म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून त्याची नवी फाइल तयार करणं) ९० टक्क्यांवर येतं आणि 'डिस्कवर जागा नाही' म्हणून थांबतं. आउटपुट तर आपण मोठ्या, रिकाम्या ड्राइव्हवर द्यायला सांगितलेलं असतं, आणि तो ड्राइव्ह अजूनही रिकामाच असतो. भरलेला असतो सी ड्राइव्ह. कारण काम चालू असताना प्रोग्रॅम मधल्या मधल्या फायली कुठेतरी लिहीत असतो, आणि ते 'कुठेतरी' म्हणजे बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टिमचं टेम्प फोल्डर, म्हणजेच सी ड्राइव्ह.

हे बदलता येतं, आणि फारसं कठीणही नाही. पण बहुतेक जण सेटिंग्ज उघडून 'टेम्प' नावाचा पर्याय शोधायला लागतात, तो सापडत नाही, किंवा सापडतो आणि बदलूनही काही फरक पडत नाही. म्हणून माझा आग्रह असा की आधी जागा कोणती फाइल खातेय आणि ती कोण लिहितंय ते बघा, सेटिंगला हात नंतर लावा. ही दहा मिनिटं पुढचा बराच त्रास वाचवतात.

एक सूचना आधीच देतो. या लेखात फोल्डरची नावं, आज्ञा आणि मेन्यू देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर टाइप करताना ती सगळी इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची आहेत. फोल्डरला नाव देतानाही छोटं इंग्रजी नाव द्या, मध्ये स्पेस नको. जुन्या एन्कोडरना (एन्कोडिंग करणाऱ्या प्रोग्रॅमना) आणि त्यांच्या पोटातल्या छोट्या साधनांना देवनागरी नावांचा किंवा स्पेसचा पत्ता नीट वाचता येत नाही, आणि मग येणारा एरर भलत्याच गोष्टीबद्दल बोलतो.

फाइल नेमकी कोणत्या प्रकारची आहे?

एन्कोडिंगच्या कामात 'तात्पुरत्या' म्हणाव्यात अशा चार प्रकारच्या फायली तयार होतात, आणि प्रत्येकीचा पत्ता वेगळ्या ठिकाणी बदलतो.

पहिला प्रकार टू-पासच्या आकडेवारीचा. दोन फेऱ्यांत एन्कोडिंग करताना पहिल्या फेरीत एन्कोडर प्रत्येक फ्रेमची नोंद एका लॉग फाइलमध्ये ठेवतो आणि दुसऱ्या फेरीत ती वाचून बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा वापरायचा ते) वाटतो. ही लॉग फाइल लहान असते. पण एक्स२६४ हा एन्कोडर तिच्याबरोबर 'एमबीट्री' नावाची आणखी एक फाइल लिहितो, आणि ती लहान नसते. फुल एचडी फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे पाडले तर १२० गुणिले ६८ म्हणजे ८,१६० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यामागे २ बाइट धरले तर एका फ्रेममागे सुमारे १६ केबी. ज्या फ्रेमचा संदर्भ इतर फ्रेम घेतात त्यांचीच नोंद होते, त्यामुळे सगळ्या फ्रेम मोजायच्या नाहीत. तरीही तासाभराच्या व्हिडिओत ही फाइल शेकडो एमबींपर्यंत सहज जाते.

दुसरा प्रकार मधल्या फायलींचा. मूळ व्हिडिओतून आवाज वेगळा काढला, चित्र वेगळं एन्कोड केलं आणि शेवटी दोन्ही एकत्र केले, तर तोवर ते सुटे तुकडे कुठेतरी ठेवावेच लागतात. हायब्रिड, मेगुई, स्टॅक्सरिप यांसारखी साधनं याच पद्धतीनं काम करतात. जागा सर्वांत जास्त इथे जाते.

तिसरा प्रकार कॅशचा, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून साठवून ठेवलेल्या डेटाचा. प्रीमियर, आफ्टर इफेक्ट्स, रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह असे एडिटर प्रीव्ह्यू, रेंडर कॅश, आवाजाच्या लाटांच्या नोंदी, प्रॉक्सी (एडिटिंगसाठी केलेल्या हलक्या प्रती) असं बरंच काही साठवतात. एन्कोडिंग संपलं तरी हे सगळं तिथेच राहतं आणि महिनोन्‌महिने वाढत जातं.

चौथा प्रकार म्हणजे अर्धवट आउटपुट. हे टेम्पमध्ये जात नाही, तुम्ही सांगितलेल्या जागीच लिहिलं जातं. प्रीमियर आणि मीडिया एन्कोडर एच.२६४ एक्सपोर्ट करताना चित्राची आणि आवाजाची सुटी फाइल आउटपुटच्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि शेवटी दोन्ही जोडतात. त्या काही क्षणांपुरती जवळजवळ दुप्पट जागा लागते. इथे टेम्पचा पत्ता कितीही बदलला तरी उपयोग नाही. आउटपुटचं फोल्डरच मोठ्या ड्राइव्हवर न्यावं लागतं.

कोण लिहितंय ते डोळ्यांनी पाहा

विंडोजवर यासाठी वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडा आणि 'डिस्क' टॅबवर जा. एन्कोडिंग सुरू करा. वरच्या यादीत तुमच्या प्रोग्रॅमच्या नावासमोरच्या चौकोनात टिक करा, म्हणजे खालच्या 'डिस्क अ‍ॅक्टिव्हिटी'त फक्त त्याच प्रोग्रॅमच्या फायली दिसतील, पूर्ण पत्त्यासह. 'राइट' स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक केलं की सर्वाधिक लिहिली जाणारी फाइल वर येते. टास्क मॅनेजर फक्त डिस्क किती व्यस्त आहे ते सांगतो, फाइलचं नाव सांगत नाही, म्हणून इथे तो कामाचा नाही.

ग्राफिकल प्रोग्रॅम पुष्कळदा स्वतः एन्कोडिंग करत नाही, आतून दुसराच प्रोग्रॅम चालवतो. म्हणून यादीत तुमच्या प्रोग्रॅमच्या नावाबरोबर एफएफएमपेग, एक्स२६४, एक्स२६५ या एन्कोडरांची नावंही शोधा.

लिनक्सवर 'एलएसओएफ' या आज्ञेला हायफन पी आणि प्रोसेसचा क्रमांक दिला की त्या प्रोसेसनं उघडलेल्या सगळ्या फायली दिसतात. मॅकवरही तीच आज्ञा चालते.

किती जागा लागेल?

याचं गणित सोपं आहे. बिटरेट गुणिले सेकंद, भागिले आठ. ८ मेगाबिटच्या दोन तासांच्या व्हिडिओला ७,२०० सेकंद गुणिले ८ भागिले ८, म्हणजे ७,२०० एमबी, साधारण ७.२ जीबी. एन्कोड झालेल्या फायलींना एवढंच लागतं.

मधली फाइल कॉम्प्रेस न केलेली असेल तर मात्र आकडे एकदम वेगळे होतात. फुल एचडीची एक फ्रेम, ८ बिट आणि ४:२:० रंगमांडणीत (रंगाची माहिती कमी ठेवण्याची नेहमीची पद्धत), १,९२० गुणिले १,०८० गुणिले १.५ म्हणजे सुमारे ३.१ एमबीची असते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ७८ एमबी, तासाला २८० जीबी. हे लक्षात आलं की प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये मधल्या फाइलसाठी लॉसलेस कोडेक (दर्जा न घटवता फाइल लहान करणारी पद्धत) निवडायचा पर्याय आहे का, ते शोधावंसं वाटतं, आणि शोधावंच. आवाज त्या मानानं किरकोळ आहे. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असा कॉम्प्रेस न केलेला आवाज तासाला सुमारे ६९० एमबी घेतो.

अंदाज आला की त्याच्या किमान दीडपट मोकळी जागा असलेला ड्राइव्ह निवडा. रांगेत एकाच वेळी दोन कामं चालणार असतील तर गणितही दोनदा करा.

ड्राइव्ह कोणता निवडावा

आधी एक समज बाजूला ठेवू. टेम्प फोल्डर वेगवान एसएसडीवर नेल्यानं एन्कोडिंग सहसा वेगानं होत नाही. एक्स२६५ नं फुल एचडी व्हिडिओ एन्कोड करताना वेळ जातो तो प्रोसेसरचा, आणि डिस्कवर सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी लिहिले जातात. साधी हार्ड डिस्कसुद्धा सलग लिहिताना सेकंदाला शंभराहून जास्त एमबी लिहिते. फरक जाणवतो तो दोनच ठिकाणी: कॉम्प्रेस न केलेल्या किंवा हलक्या कॉम्प्रेशनच्या मधल्या फायली, आणि एडिटरची कॅश. या दोन्हींसाठी एसएसडी घ्या. बाकी कामांत टेम्प हलवायचा तो जागेसाठी आणि कामाच्या सुरक्षिततेसाठी.

निवडीपूर्वी फॉरमॅट जरूर तपासा. ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'फाइल सिस्टिम'. तिथे फॅट३२ दिसलं तर तो ड्राइव्ह या कामाचा नाही, कारण त्यावर एका फाइलची मर्यादा ४ जीबी आहे. काम नेमकं ४ जीबीवर अडकतं, डिस्क मात्र अर्धी रिकामी दिसते. विंडोजसाठी एनटीएफएस घ्या. दोन वेगळ्या सिस्टिमवर फिरवायचा ड्राइव्ह असेल तर एक्सफॅट.

टेम्प आणि आउटपुट एकाच ड्राइव्हवर असावेत की वेगळ्या? प्रोग्रॅम आधी टेम्पमध्ये पूर्ण फाइल तयार करून मग ती आउटपुटच्या जागी 'हलवत' असेल, तर दोन्ही एकाच ड्राइव्हवर असलेले बरे. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवणं म्हणजे फक्त तिचा पत्ता बदलणं. ते क्षणात होतं, ज्यादा जागाही लागत नाही. ड्राइव्ह वेगळे असतील तर 'हलवणं' म्हणजे प्रत्यक्षात पूर्ण कॉपी आणि नंतर जुनी फाइल पुसणं. ३० जीबीची फाइल असेल तर शेवटच्या टप्प्यावर प्रोग्रॅम १०० टक्के दाखवत अडकल्यासारखा वाटतो तो यामुळेच. घाईनं तो बंद केला की आउटपुट अर्धवट राहतं. उलट, मूळ व्हिडिओ आणि मोठ्या मधल्या फायली एकाच हार्ड डिस्कवर असतील तर वाचणं आणि लिहिणं एकाच यांत्रिक हातावर येतं आणि वेग खरोखर पडतो. म्हणून हार्ड डिस्क दोन असतील तर मूळ व्हिडिओ एकीवर, टेम्प आणि आउटपुट दुसरीवर, ही मांडणी मला सर्वांत योग्य वाटते.

यूएसबीनं जोडलेला ड्राइव्ह चालतो, पण केबल हलली किंवा पॉवर सेव्हिंगमुळे ड्राइव्ह झोपला की चालू काम गेलं. नेटवर्क ड्राइव्ह शक्यतो नकोच. क्लाउडला सिंक होणारं फोल्डर तर मुळीच नको: सिंक करणारा प्रोग्रॅम अर्धवट फाइल पकडून अपलोड करायला बघतो, कधी ती लॉक करून ठेवतो, आणि मधल्या काळात तुमचं इंटरनेटही खाऊन टाकतो.

विंडोज: पूर्ण टेम्पचा पत्ता बदलणं

स्वतःचं टेम्प सेटिंग नसलेले प्रोग्रॅम विंडोजला विचारतात, 'तात्पुरत्या फायली कुठे ठेवू?' विंडोज उत्तर देतं ते 'टीएमपी' आणि 'टेम्प' या दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून (सिस्टिमनं प्रोग्रॅमसाठी नावानिशी जपून ठेवलेल्या किमती). आधी टीएमपी बघितलं जातं, ते नसेल तर टेम्प. काही प्रोग्रॅम विंडोजला न विचारता थेट टेम्प वाचतात. म्हणून दोन्ही बदला. एकच बदलल्यामुळे 'बदललं तरी काही होत नाही' ही तक्रार फार ऐकू येते.

१. नव्या ड्राइव्हवर फोल्डर तयार करा, समजा 'डी:\एन्कटेम्प'. ड्राइव्हच्या मुळाशी, म्हणजे नुसत्या 'डी:\' वर, टेम्प ठेवू नका. साफसफाई करताना चुकून भलतंच पुसलं जाईल.

२. स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' शोधा, किंवा विंडोज की आणि आर दाबून 'सिसडीएम.सीपीएल' चालवा, 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर जा आणि 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' बटण दाबा.

३. दोन याद्या दिसतील. वरची यादी तुमच्या अकाउंटची, खालची पूर्ण सिस्टिमची. बदल फक्त वरच्या यादीत करायचा. खालची यादी विंडोजच्या सेवांसाठी आहे, तिला हात लावू नका.

४. टेम्पवर डबल क्लिक करून आधीची किंमत एका नोटपॅड फाइलमध्ये उतरवून घ्या. परत जायची वेळ आली तर तीच लागेल. मग नवा पत्ता भरा. टीएमपीसाठीही हेच.

५. साइन आउट करून पुन्हा साइन इन करा. आधीपासून उघडे असलेले प्रोग्रॅम जुनाच पत्ता धरून बसलेले असतात. ते बंद करून नव्यानं उघडलेच पाहिजेत.

या मार्गाची एक बाजू नीट समजून घ्या. यानं फक्त एन्कोडर नाही, तुमच्या अकाउंटमधले सगळे प्रोग्रॅम नव्या जागी लिहायला लागतात, इन्स्टॉलरसुद्धा. तो ड्राइव्ह काढून ठेवला की अनेक इन्स्टॉलर 'टेम्प फोल्डर सापडत नाही' म्हणून अडतात. म्हणून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी हा मार्ग वापरू नका. त्यासाठी पुढचा मार्ग आहे, आणि खरं सांगायचं तर आतल्या ड्राइव्हसाठीही मला तोच जास्त आवडतो.

फक्त एकाच प्रोग्रॅमपुरता टेम्प बदलणं

नोटपॅडमध्ये तीन ओळींची बॅच फाइल (एकामागून एक आज्ञा चालवणारी फाइल) करायची. पहिल्या ओळीत 'सेट' शब्द, एक स्पेस, मग 'टेम्प', बरोबरचं चिन्ह आणि लगेच 'डी:\एन्कटेम्प'. दुसरी ओळ तशीच, फक्त 'टेम्प'च्या जागी 'टीएमपी'. तिसऱ्या ओळीत 'स्टार्ट', त्यानंतर रिकामी दुहेरी अवतरणचिन्हं, आणि त्यानंतर तुमच्या एन्कोडरच्या प्रोग्रॅम फाइलचा पूर्ण पत्ता, तोही दुहेरी अवतरणचिन्हांत. फाइल 'बॅट' एक्स्टेन्शननं सेव्ह करा आणि यापुढे एन्कोडर याच फाइलवर डबल क्लिक करून उघडा.

इथे दोन बारकावे आहेत. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस चालत नाही. डावीकडे स्पेस दिली तर व्हेरिएबलचं नावच 'टेम्प आणि एक स्पेस' असं होतं आणि खरं टेम्प जसंच्या तसं राहतं, कुठलाही एरर न येता. दुसरं, स्टार्टनंतरची ती रिकामी अवतरणचिन्हं गाळू नका. स्टार्ट ही आज्ञा अवतरणचिन्हांतली पहिली गोष्ट खिडकीचं शीर्षक समजते. ती नसली तर तुमच्या प्रोग्रॅमचा पत्ताच शीर्षक होऊन बसतो आणि उघडते नुसती काळी खिडकी.

अशा बॅच फाइलमधून उघडलेला प्रोग्रॅम, आणि त्यानं पुढे चालवलेली सगळी साधनं, नवा पत्ता वापरतात. बाकी विंडोजला काही कळतही नाही. हँडब्रेक या एन्कोडिंग प्रोग्रॅमसाठी हा मार्ग छान चालतो, कारण तो टेम्पचा पत्ता सिस्टिमकडूनच घेतो. मुख्य आउटपुट तो थेट तुम्ही सांगितलेल्या जागी लिहितो. टेम्पमध्ये जातात त्या दोन फेऱ्यांच्या नोंदी आणि इतर किरकोळ फायली.

ज्या प्रोग्रॅमना स्वतःचं सेटिंग आहे

प्रीमियरमध्ये दोन वेगळ्या जागा आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. 'एडिट, प्रेफरन्सेस, मीडिया कॅश' इथे कॅश फायलींचा आणि कॅश डेटाबेसचा पत्ता आहे. हा बदल पूर्ण प्रोग्रॅमला लागू होतो. 'फाइल, प्रोजेक्ट सेटिंग्ज, स्क्रॅच डिस्क्स' इथे त्या प्रोजेक्टचे व्हिडिओ प्रीव्ह्यू, ऑडिओ प्रीव्ह्यू आणि ऑटो सेव्ह यांचे पत्ते आहेत. हा बदल त्या एका प्रोजेक्टपुरताच. सी ड्राइव्ह भरतो तो बहुधा पहिल्यामुळे. प्रीमियर आवाज ३२ बिट फ्लोटमध्ये बदलून कॅशमध्ये ठेवतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओचा तास जवळजवळ १.४ जीबी घेतो, आणि असे कितीतरी क्लिप असतात. त्याच खिडकीत ठराविक दिवसांपेक्षा जुनी कॅश आपोआप पुसण्याचा पर्याय आहे. तो चालू करून ठेवा. मीडिया एन्कोडरच्या प्रेफरन्सेसमध्येही मीडिया कॅशचा पत्ता असतो, तो बघायला विसरू नका. आफ्टर इफेक्ट्समध्ये याशिवाय वेगळी 'डिस्क कॅश' असते, ती 'मीडिया अँड डिस्क कॅश' या पानावर.

रिझॉल्व्हमध्ये 'प्रेफरन्सेस, सिस्टिम, मीडिया स्टोरेज' या यादीतला पहिला ड्राइव्ह कॅशसाठी वापरला जातो. यादीचा क्रम बदलला की नव्या प्रोजेक्टची कॅश दुसरीकडे जाते. जुन्या प्रोजेक्टसाठी मात्र 'प्रोजेक्ट सेटिंग्ज, मास्टर सेटिंग्ज' मधल्या 'वर्किंग फोल्डर्स' खाली पत्ता बदलावा लागतो. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी 'प्लेबॅक' मेन्यूतून रेंडर कॅश पुसा, नंतर पत्ता बदला. उलट केलंत तर जुन्या जागेवरचं 'कॅशक्लिप' फोल्डर अनाथ पडून राहतं, रिझॉल्व्हला ते आता दिसत नाही आणि तुमची जागा अडकून बसते.

केडेनलाइव्हमध्ये हे 'कॉन्फिगर केडेनलाइव्ह, एन्व्हायर्नमेंट, डिफॉल्ट फोल्डर्स' इथे मिळतं. हायब्रिडमध्ये 'कॉन्फिग'च्या 'पाथ्स' पानावर टेम्पचा पत्ता आहे. डीव्हीडीस्टायलर बर्नच्या खिडकीतच टेम्पचं फोल्डर विचारतो.

एफएफएमपेगचं प्रकरण वेगळं आहे. तो सिस्टिमच्या टेम्पमध्ये सहसा काही मोठं लिहीतच नाही. दोन फेऱ्यांत काम करताना लॉग फाइल तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे राहून आज्ञा दिली तिथेच तयार होते. ती दुसरीकडे हवी असेल तर 'पासलॉगफाइल' हा पर्याय वापरून पत्ता आणि नावाची सुरुवात द्यायची, दोन्ही फेऱ्यांत अगदी तीच. एकाच फोल्डरमधून दोन व्हिडिओंची कामं एकदम लावलीत आणि हा पर्याय दिला नाहीत, तर दोन्ही कामं एकाच नावाच्या लॉगवर लिहितात आणि दुसऱ्या फेरीत बिटरेटचा पार विचका होतो. प्रत्येक कामाला वेगळं नाव द्या.

एक्स२६५ वापरताना मात्र आकडेवारीचा पत्ता 'एक्स२६५-पॅरॅम्स' मध्ये 'स्टॅट्स' म्हणून द्यावा लागतो. त्या पर्यायात वेगवेगळे भाग कोलननं तोडतात, आणि विंडोजच्या पत्त्यातही ड्राइव्हच्या अक्षरानंतर कोलन असतोच. दोन्हींची टक्कर होते. कोलनला एस्केप करत (तो पत्त्याचाच भाग आहे हे खास चिन्ह लावून सांगत) बसण्यापेक्षा आधी 'सीडी' आज्ञेनं हव्या त्या फोल्डरमध्ये जा, मूळ फाइलचा आणि आउटपुटचा पूर्ण पत्ता द्या, आणि स्टॅट्सला नुसतं फाइलचं नाव द्या. डोकेदुखी संपते. (कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सीडी' नंतर 'स्लॅश डी' जोडायला विसरू नका, नाहीतर ड्राइव्ह बदलत नाही.)

एमपी४ बॉक्स या साधनानं चित्र आणि आवाज जोडताना तो टेम्पमध्ये जवळजवळ आउटपुटएवढीच फाइल तयार करू शकतो. त्याला 'हायफन टीएमपी' असा पर्याय आहे, त्यापुढे फोल्डरचा पत्ता द्यायचा.

घरच्या मीडिया सर्व्हरवर व्हिडिओ चालू असतानाच ट्रान्सकोड होतो, म्हणजे बघणाऱ्या उपकरणाला चालेल अशा रूपात बदलला जातो. प्लेक्समध्ये 'सेटिंग्ज, ट्रान्सकोडर' इथे प्रगत पर्याय दाखवायला सांगितल्यावर ट्रान्सकोडरच्या टेम्प फोल्डरचा पत्ता दिसतो. जेलीफिनमध्ये तो डॅशबोर्डच्या 'प्लेबॅक, ट्रान्सकोडिंग' पानावर आहे. दोन्हींत एक अडचण सारखीच: सर्व्हर तुमच्या अकाउंटखाली चालत नसतो, त्याचा वेगळा युजर असतो. नव्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी त्या युजरला द्या, नाहीतर सेटिंग बरोबर दिसेल आणि व्हिडिओ मात्र सुरूच होणार नाही.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर 'टीएमपीडीआयआर' हे एकच व्हेरिएबल. टर्मिनलमध्ये एन्कोडरच्या आज्ञेच्या आधी त्याच ओळीत ते दिलं की तेवढ्या कामापुरतं लागू होतं. कायमचं हवं असेल तर तुमच्या होम फोल्डरमधल्या प्रोफाइल फाइलमध्ये 'एक्सपोर्ट' करा.

इथे हे करण्याची गरज विंडोजपेक्षाही जास्त असू शकते. फेडोरात १८व्या आवृत्तीपासून आणि डेबियनमध्ये १३व्या आवृत्तीपासून '/टीएमपी' हे फोल्डर डिफॉल्टनं डिस्कवर नसून मेमरीत असतं, आणि त्याची मर्यादा सहसा रॅमच्या निम्मी असते. १६ जीबी रॅमच्या संगणकावर १० जीबीची मधली फाइल तिथे मावणारच नाही, आणि मावण्याआधीच मेमरी भरून बाकी सगळं रखडेल. 'डीएफ हायफन एच /टीएमपी' दिलं आणि पहिल्या स्तंभात 'टीएमपीएफएस' (मेमरीतली फाइल सिस्टिम) दिसलं की समजा. अशा वेळी '/व्हार/टीएमपी' किंवा मोठ्या ड्राइव्हवरचं स्वतःचं फोल्डर वापरा.

प्रोग्रॅम फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधून (लिनक्सवर प्रोग्रॅम मिळवण्याच्या या दोन पद्धती) घेतला असेल तर तो कुंपणात चालतो. त्याला दुसरा ड्राइव्ह दिसेलच असं नाही. फ्लॅटपॅकसाठी 'ओव्हरराइड' आज्ञेनं त्या फोल्डरची परवानगी आधी द्यावी लागते.

मॅकवरही टर्मिनलमधल्या साधनांसाठी टीएमपीडीआयआर चालतं. पण डॉकमधून उघडलेले प्रोग्रॅम तुमची शेलची प्रोफाइल वाचत नाहीत. तिथे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंगवरच भर द्या.

कुठलंच सेटिंग नसेल तर

प्रोग्रॅम ठराविकच फोल्डरमध्ये लिहिण्यावर अडून बसला असेल, तर विंडोजवर जंक्शन हा शेवटचा उपाय आहे. जुन्या पत्त्यावर फक्त पाटी उरते, खऱ्या फायली दुसऱ्या ड्राइव्हवर जातात. प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, जुनं फोल्डर नव्या ड्राइव्हवर कॉपी करा, मूळ फोल्डरचं नाव बदलून ठेवा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एमकेलिंक', 'स्लॅश जे', आधी जुना पत्ता, नंतर नवा पत्ता. काम नीट चालतंय याची खात्री झाल्यावरच नाव बदलून ठेवलेलं फोल्डर पुसा. जंक्शन संगणकातल्या ड्राइव्हवरच चालतं, नेटवर्कवर नाही.

बदल लागू झाला का?

मोठं काम लावण्याआधी मिनिटभराची क्लिप, नेहमीच्याच सेटिंगनं, एन्कोड करा. दोन फेऱ्या वापरत असाल तर चाचणीतही दोन फेऱ्या. रिसोर्स मॉनिटर उघडा ठेवा आणि लिहिल्या जाणाऱ्या फाइलच्या पत्त्यात नवं फोल्डर दिसतंय का ते बघा. नुसतं फोल्डर उघडून बघणं पुरेसं नाही, कारण चांगला प्रोग्रॅम काम संपताच तात्पुरत्या फायली पुसतो आणि तुम्हाला फोल्डर रिकामंच दिसतं.

सी ड्राइव्हची मोकळी जागा तरीही कमी होत असेल तर पुन्हा रिसोर्स मॉनिटरच्या यादीकडे वळा. बहुतेक वेळा एकतर टीएमपी बदलायचं राहिलेलं असतं, किंवा एडिटरची कॅश अजून जुन्याच जागी असते.

पत्ता बदलल्यानं जुन्या जागेवरच्या फायली आपोआप जात नाहीत. सगळे प्रोग्रॅम बंद करून जुनं टेम्प फोल्डर उघडा, आकारानुसार क्रम लावा आणि एन्कोडरनं मागे ठेवलेलं सामान पुसा. एखादी फाइल 'वापरात आहे' म्हणून पुसली गेली नाही तर तिला तशीच सोडा. नव्या फोल्डरचीही अशीच देखभाल लागेल, कारण काम मध्येच कोलमडलं की तात्पुरत्या फायली मागे राहतातच. पण थांबवून ठेवलेलं काम रांगेत असताना हात लावू नका: पहिल्या फेरीची आकडेवारी गेली की दुसरी फेरी सुरूच होत नाही.

आणि व्हिडिओ खाजगी असेल, तर टेम्पमध्ये पडलेल्या तुकड्यांतही तीच माणसं, तेच आवाज असतात. बाहेरचा ड्राइव्ह कुणाला देण्याआधी मूळ व्हिडिओ काढून टाकला म्हणजे झालं असं नाही. एन्कटेम्प फोल्डर आणि एडिटरची कॅशही त्यावरून काढा.